शेऱ्यासाठी चार ओळी

प्रस्तावना

शाळांच्या लेझीम स्पर्धेला मी पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसलो, तेव्हा हातात एक सायक्लोस्टाइल केलेला कागद मिळाला. त्यावर चार रकाने होते : शिस्त, वेश, ठेका आणि एकूण परिणाम. प्रत्येकी २५ गुण. हलगी घुमायला लागली, संघामागून संघ मैदानात उतरले आणि मी आकडे भरत गेलो. संध्याकाळी बेरजा झाल्या तेव्हा कळलं, की ज्या संघाला मी सर्वांत वर ठेवलं होतं, त्याला माझ्या शेजारच्या परीक्षकांनी जवळजवळ तळाला टाकलं होतं. आमच्यापैकी कोणीही पक्षपात केला नव्हता. मी पावलं बघत होतो, ते हात बघत होते. काय बघायचं हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

निकालानंतर मंडपामागे पाण्याच्या टाकीपाशी त्या संघाची म्होरकी माझी वाट बघत उभी होती. सातवीतली असेल. तिनं विचारलं, "सर, आमचं काय चुकलं?"

मी म्हणालो, "छान केलंत बाळ. अजून सराव करा."

तिनं मान हलवली आणि ती गेली. मी जे बोललो ते उत्तर नव्हतं. माझ्याकडे उत्तरच नव्हतं, म्हणून मी तसं बोललो. आठ आवाज करताना त्यांची मागची रांग अर्ध्या ठोक्यानं मागे पडत होती का, आगे फलांगला अंतर बिघडत होतं का, की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं आणि चूक आम्हा परीक्षकांची होती, हे मला खरोखर सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून नियमपुस्तिका या प्रकाराकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. स्पर्धेचे नियम जिंकणाऱ्यासाठी असतात असं आपण समजतो. जिंकणाऱ्याला नियमांची फारशी गरज नसते, त्याला ढाल मिळालेली असते. नियम लागतात ते हरलेल्या संघाला उत्तर देण्यासाठी.

या पुस्तकाची लेखिका बी.पी.एड.ला माझी विद्यार्थिनी होती. काही वर्षं सांगली जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवून ती संसारानिमित्त अमेरिकेत टेक्सासला गेली. तिची मुलगी तिथल्या शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये दाखल झाली आणि बॅटन फिरवायला शिकू लागली. आईचं काम सुरुवातीला मुलीला ने-आण करण्याचं होतं. मग जिम्नॅशियमच्या पायऱ्यांवर बसून तिनं वही भरायला घेतली. ती वही म्हणजे हे पुस्तक. सांघिक बॅटन ट्वर्लिंगमध्ये संघाला गुण कसे मिळतात आणि कसे जातात, एवढाच त्याचा विषय. मी स्वतः बॅटन फिरवलेलं नाही. पण हस्तलिखित वाचताना पानोपानी मला टाकीपाशी उभी असलेली ती मुलगी आठवत राहिली, म्हणून ही प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं.

बॅटन म्हटलं की आपल्याला रिले शर्यत आठवते. त्या आखूड नळीचा आणि या वस्तूचा नावापलीकडे संबंध नाही. हे बॅटन म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक अशी धातूची दांडी, दोन्ही टोकांना रबर. एका टोकाचं रबर मोठं आणि जड, त्याला बॉल म्हणतात; दुसरं लहान, ती टिप. त्यामुळे दांडी बोटावर तोलून धरली तर तोलाचा बिंदू बरोबर मध्यात येत नाही, बॉलच्या बाजूला थोडा सरकलेला असतो. लांबी खेळाडूच्या हातावरून ठरते. लहान मुलांसाठी ४० सेंटिमीटरच्या आसपास, उंच खेळाडूसाठी ८० सेंटिमीटरपर्यंत. दिसायला इतकी साधी वस्तू, पण दोन्ही टोकांचं वजन सारखं नसल्यामुळे तिला स्वभाव आला आहे. बॉल कुठे आहे आणि टिप कुठे आहे हे बोटांना सतत ठाऊक असावं लागतं.

बॉल आणि टिप हा भेद आला लष्करी बँडच्या म्होरक्याच्या दंडातून. बँडच्या पुढे चालणारा ड्रम मेजर हातात एक लांब, जड, डोक्याला मोठा गोळा असलेला दंड धरतो. शेवटच्या रांगेतल्या वादकालाही दिसावा म्हणून तो तेवढा मोठा. दंड वर गेला की थांबायचं, पुढे झाला की चालायचं, असे त्याचे इशारे. दर २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तेव्हा हे दंड आपण दूरदर्शनवर पाहिलेले आहेत. इशारा देता देता तो दंड फिरवणं, उडवणं, झेलणं ही पुढची पायरी. अमेरिकेत १९३०च्या दशकात शाळा-कॉलेजांच्या बँडपुढे मुली चालू लागल्या, दंड हलका आणि बारीक झाला, इशारा देण्याचं काम मागे पडलं आणि फिरवणं हेच काम उरलं. त्यातून स्पर्धा आल्या. डॉन सार्टेल यांनी १९४५ मध्ये नॅशनल बॅटन ट्वर्लिंग असोसिएशन सुरू केली, १९५८ मध्ये युनायटेड स्टेट्स ट्वर्लिंग असोसिएशन निघाली. १९७७ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला आणि १९८० मध्ये सिअ‍ॅटलला पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज जपान, इटली, फ्रान्स हे या खेळातले मोठे देश आहेत. जपानी संघांचा एकसाथपणा पाहिला की ड्रिल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही उठून उभं राहावंसं वाटतं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे लाठी आठवेल, कोल्हापूरच्या आखाड्यांतली बनेटी आठवेल. आठवावीच. पण एक भेद पहिल्यांदा लक्षात घ्यावा, नाहीतर पुढचा एकही नियम उमजणार नाही. लाठी-बनेटी हा मर्दानी खेळ आहे, त्याच्या मुळाशी लढाई आहे. हत्यार हातातून सुटलं की कारभार आटोपला. म्हणून आमचे वस्ताद पहिला धडा देत तो मुठीचा. बॅटनचं उलटं आहे. ते हातातून सोडायचंच असतं. किती उंच सोडलं, ते वर असताना खाली काय केलं आणि परत कसं घेतलं, यावर या खेळाची सगळी उभारणी आहे. लाठीत पकड शिकायची, इथे सोडणं शिकायचं.

फिरवण्याचे तीन मोठे प्रकार लेखिकेने पहिल्या प्रकरणात दिले आहेत. हातात आणि बोटांत फिरवणं हा पहिला. बोटांमधून दांडी एकामागून एक सरकत जाते. नवशिक्याला सर्वांत सोपा वाटणारा आणि जाणत्याला सर्वांत उघडा पाडणारा प्रकार. दुसरा, अंगावरून लोळवणं. कोपरावरून, मानेवरून, पाठीवरून, हाताचा स्पर्श न होता बॅटन घरंगळत जातं. शरीर त्याच्यासाठी वाट तयार करत राहतं. आणि तिसरा, उडवणं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात तो हा. उत्तम संघ तिन्ही प्रकार एकमेकांत असे विणतात की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. नियम मात्र तिन्ही वेगवेगळे बघतात, आणि तसंच बघायला हवं. फक्त उंच उडवून टाळ्या घेणारा संघ आणि तिन्ही अंगांनी तयार असलेला संघ यांच्यातला फरक टाळ्यांवरून कळत नाही.

उडवण्याचं थोडं गणित इथे मांडतो. लेखिकेने ते सोडून दिलं आहे, पण सांघिक नियमांचा सगळा जीव त्यात आहे. बॅटन हाताच्या वर ५ मीटर गेलं, तर वर जाऊन परत हातात यायला त्याला साधारण २ सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत खेळाडू तीन, चार, त्याहूनही अधिक गिरक्या घेते आणि हात पुढे करते. एकटीचा खेळ असेल तर तिचं आणि तिच्या बॅटनचं जमलं की झालं. आता अशा आठ जणी उभ्या करा. आठही जणींनी एकाच ठोक्याला उडवलं, पण एकीचं बॅटन ५ मीटरऐवजी साडेपाच मीटर गेलं. तिचं बॅटन सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा येणार. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटेल. लेझीम शिकवणाऱ्याला तसं वाटणार नाही. चाळीस लेझमींचा एकच 'छण्' आणि एकदोन मागे पडलेल्या लेझमींचा फाटका 'छणण्' यांच्यातलं अंतर एवढंच असतं, आणि ते मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येतं. बॅटन झेलतानाही तळव्यावर आवाज होतो. आठ तळव्यांचा एक आवाज झाला, तर आठ बॅटन एकाच उंचीवर गेली होती, हे डोळे मिटूनही सांगता येतं.

म्हणून सांघिक ट्वर्लिंगमध्ये उंचीची शिस्त ही वेळेची शिस्त आहे. आणि म्हणूनच सरावाच्या जागेचं छत हा या खेळातला पहिला प्रश्न आहे. हाताच्या वर ५ मीटर म्हणजे जमिनीपासून साडेसहा-सात मीटर मोकळी जागा हवी. आपल्या बहुतेक शाळांच्या सभागृहांत तेवढ्यात पंखा येतो. मैदानावर छत नसतं, पण वारा असतो आणि वर बघणाऱ्या डोळ्यांत ऊन असतं.

एकसाथपणा हे संघाचं एक अंग झालं. दुसरं अंग अदलाबदलीचं, आणि माझ्या मते संघाची खरी परीक्षा तिथेच होते. एकसाथपणात आठ जणी आठ जणीच असतात. प्रत्येकीने आपापलं काम वेळेवर केलं तर भागतं. अदलाबदलीत माझ्या हातून सुटलेलं बॅटन तुझ्या हातात पडायचं असतं. ते मी कसं सोडलं यावर तुझा झेल अवलंबून. त्यातही प्रत्येक बॅटनची लांबी त्या त्या खेळाडूच्या हाताप्रमाणे असेल, तर उंच मुलीचं लांब बॅटन ठेंगण्या मुलीच्या हातात येतं आणि पुढचे काही ठोके तिला परक्या दांडीवर काढावे लागतात. समोरासमोर उभ्या राहून दोघींनी एकाच वेळी फेकलं, तर दोन्ही बॅटन मध्यावर एकमेकांच्या वाटेत येतात. कोणाचं उंचावरून जाणार, कोणाचं खालून, की एकीचं डावीकडून आणि दुसरीचं उजवीकडून, हे आधी ठरवावं लागतं. मग त्यात गिरकी घाला, पाठ फिरवून झेलणं घाला, रचना बदलत असताना चालता चालता झेलणं घाला. बॅटन हातात नसलेली ती दोन सेकंदं कशी भरायची हाही प्रश्न आहेच. कमकुवत संघात त्या दोन सेकंदांत मुली नुसत्या वर बघत उभ्या असतात. चांगल्या संघात रिकाम्या हातांचंही नृत्य चालू असतं.

या सगळ्याला गुण द्यायचे कसे?

जागतिक महासंघाने आपल्या मुक्त प्रकारासाठी दोन बाजू वेगळ्या काढल्या : तांत्रिक गुणवत्ता आणि कलात्मक आविष्कार. फिगर स्केटिंग पाहणाऱ्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल. काय केलं, किती अवघड होतं, किती नीट झालं हे एका बाजूला. संगीताशी नातं, रचनेची कल्पना, सादरीकरण दुसऱ्या बाजूला. अमेरिकेतल्या जुन्या परंपरेत गुणांबरोबर दंडाची यादी असते. पडलेल्या प्रत्येक बॅटनला अर्धा गुण जातो, लहान चुकांना दशांशाने. यांतली कोणती पद्धत चांगली, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दोन्हींत उत्तर देण्याची ताकद आहे, पण दोन वेगवेगळ्या प्रश्नांना. दंडाची यादी 'काय चुकलं' याचं उत्तर देते, दोन बाजूंची वाटणी 'काय कमी पडलं' याचं. संघाला दोन्ही उत्तरं हवी असतात. एकही बॅटन न पाडता शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ जगातल्या कुठल्याही स्पर्धेत सापडतो. अशा संघाला दंडाची कोरी यादी दाखवून घरी पाठवणं हा अन्यायच आहे.

बॅटन पडण्याच्या नियमावर लेखिकेने एक पूर्ण प्रकरण खर्च केलं आहे, तेही योग्य. पडलेलं बॅटन प्रत्येकाला दिसतं. आजीलाही दिसतं, परीक्षकालाही दिसतं. म्हणून ते सर्वांत मोठं पाप वाटतं. पण संघात दोन बॅटन हवेत आदळून दोन्ही पडली, तर चूक एक की दोन? ती चूक फेकणाऱ्या मुलीची, की जिच्या हातून निसटलं तिची? मोजणारा परीक्षक दोन मोजणार, कारण जमिनीवर दोन बॅटन आहेत. आणि पडल्यानंतर काय झालं त्याचं काय? एका संघातली मुलगी रचना न मोडता, पुढच्या पावलातच वाकून बॅटन उचलते आणि तिसऱ्या ठोक्याला रांगेत असते. दुसऱ्या संघातली मुलगी घरंगळत गेलेल्या बॅटनमागे मंच ओलांडून धावते आणि बाकीच्या साती जणींची रचना विस्कटते. दोघींना सारखाच अर्धा गुण दंड?

इथे एका शेजारच्या खेळाकडे बघायला हवं. ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये पाच जणींचा गट १३ मीटर गुणिले १३ मीटरच्या गालिच्यावर सव्वादोन ते अडीच मिनिटांचं सादरीकरण करतो. हातात चक्र, चेंडू, गदा किंवा रिबन, आणि साधनांची अदलाबदल तिथेही अटळ. साधन हातून सुटून पडलं आणि जागच्या जागी उचललं तर अर्धा गुण जातो. एक-दोन पावलं जावं लागलं तर ०.७. तीन किंवा अधिक पावलं गेलं तर पूर्ण १. हा नियम मला फार शहाणा वाटतो. तो साधन पडल्याची शिक्षा करून थांबत नाही, त्या पडण्याने सादरीकरण किती मोडलं हे मोजतो. आणि पावलं मोजणं ही अशी गोष्ट आहे, की दोन परीक्षकांचं तिच्यावर दुमत होत नाही. ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्स १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आलं, सांघिक प्रकार १९९६ मध्ये अटलांटाला आला. बॅटन ट्वर्लिंग अजून ऑलिंपिकबाहेर आहे. याची कारणं अनेक असतील, पण नियमांची घडण कशी असावी याबाबत धाकट्या बहिणीने थोरलीकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑलिंपिक हा मुद्दा निघालाच आहे, तर या खेळाच्या मनातल्या एका जुन्या सलाबद्दल लिहायला हवं. बॅटन फिरवणाऱ्या मुलीकडे लोकांनी फार काळ शोभेची वस्तू म्हणून पाहिलं. अमेरिकी लेखक टेरी सदर्न १९६२ च्या सुमारास मिसिसिपी विद्यापीठातलं बॅटनचं प्रशिक्षण शिबिर पाहायला गेला आणि १९६३ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात त्यावर त्याचा लेख आला. नव्या पत्रकारितेच्या इतिहासात तो लेख मानाचा समजला जातो. पण त्याची नजर त्या गावाकडे, तिथल्या वर्णद्वेषाकडे होती. फिरणाऱ्या बॅटनकडे नव्हती. लेखक म्हणून त्याची निवड बरोबरच होती. तरी त्या शिबिरात दिवसभर मनगट दुखेपर्यंत सराव करणाऱ्या मुलींबद्दल मला वाटत राहतं, की आपण जे करतो ते मोजता येईल इतकं खरं आहे, हे जगाला सांगण्याचं साधन त्यांच्याकडे एकच होतं : नियमांचं पुस्तक. अमेरिकेतल्या संघटनांनी दशांश गुणापर्यंत नियम ताणले, त्यामागे ही तळमळ होती असं मी समजतो.

पण नियमांना एक वाईट सवय असते. जे मोजलं जातं ते वाढतं. अदलाबदलींच्या संख्येला गुण आहेत असं एकदा प्रशिक्षकांच्या लक्षात आलं, की दोन मिनिटांत कोंबता येतील तेवढ्या अदलाबदली कोंबल्या जातात. गिरक्यांना गुण, तर आणखी एक गिरकी. संगीत बिचारं मागे वाजत राहतं. लेझमीच्या बाबतीत मी हे स्वतः पाहिलं आहे. मनोऱ्यांना जास्त गुण मिळतात असं कळल्यावर एका वर्षात आमच्या भागातल्या सगळ्या संघांनी मनोरे सुरू केले. दोन मुलांचे हात मोडले आणि पवित्रा नीट करणारा संघ शोधावा लागला. म्हणून 'किती' बरोबर 'कसं' आणि 'का' हे विचारणारी बाजू गुणपत्रिकेत तेवढीच वजनदार असली पाहिजे. कलात्मक आविष्काराचे गुण म्हणजे परीक्षकाच्या लहरीला दिलेली मोकळीक, असं काही प्रशिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. रचना बदलण्यामागे संगीताचं कारण होतं का, रिकामे हात जिवंत होते का, आठही जणी एकच गोष्ट सांगत होत्या का, हे प्रश्न शब्दांत लिहून ठेवता येतात. लिहून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन परीक्षक जवळपास सारखं देतात. लहर शिरते ती प्रश्न लिहिलेलाच नसला की.

प्रकारांबद्दल थोडक्यात. संघ लहान असतो, मोठ्या गटाचा प्रकार वेगळा. केवळ ट्वर्लिंगचा संघ, नृत्याला महत्त्व देणारा संघ, बँडबरोबर चालणारं संचलन पथक असे भेद आहेत, वयोगट आहेत, काही प्रकारांत ठरावीक संगीतावर सर्वांनी सादर करायचं असतं, मुक्त प्रकारात संगीत आपलं. मुलगेही खेळतात आणि उत्तम खेळतात. जगात दीर्घकाळ दोन मोठ्या संघटनांचे दोन नियमसंच होते. आता आंतरराष्ट्रीय बॅटन ट्वर्लिंग महासंघाच्या एका छत्राखाली ते आले आहेत. २०२२ ची जागतिक स्पर्धा तुरिनला झाली ती जुन्या घडीची, २०२३ ची लिव्हरपूलला झाली ती नव्या. साहजिकच नियम बदलत आहेत, बदलत राहतील. प्रत्यक्ष स्पर्धेला उतरणाऱ्याने त्या वर्षीची अधिकृत पुस्तिका समोर ठेवावी, हे लेखिकेने ठळक लिहिलं आहे. हे पुस्तक त्या पुस्तिकेची जागा घेत नाही. ती वाचायची कशी, हे शिकवतं.

टेक्सासमधली एक पद्धत मला विशेष आवडली. तिथल्या शालेय स्पर्धा चालवणारी युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग ट्वर्लिंगचं परीक्षण खेळांबरोबर करत नाही, संगीताबरोबर करते. सतार-तबल्याच्या परीक्षेत नाचणारी मुलगी बसवावी तसं आपल्याला हे वाटेल, पण बँडच्या पोटातून निघालेल्या कलेसाठी ते घर बरोबर आहे. आणि त्या स्पर्धेत पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक नसतो. पहिली ते पाचवी अशी श्रेणी मिळते, परीक्षक आपला अभिप्राय लिहितो. दहा जणी चांगल्या असतील तर दहाही जणींना पहिली श्रेणी. कोणी कोणाला हरवलेलं नसतं. प्रत्येकीने आपल्या खेळाबद्दल काहीतरी जाणून घेतलेलं असतं. क्रमांकाशिवाय स्पर्धा कसली, असं आपल्याकडे कोणी विचारेल. मीही आयुष्यभर क्रमांक लावले. पण तालुका पातळीवर, लहान मुलांसाठी, ही पद्धत आपण लेझीमला, मल्लखांबाला, समूहनृत्याला लावून पाहावी असं मला मनापासून वाटतं.

या पुस्तकाचा वाचक बॅटन ट्वर्लिंगचा प्रशिक्षक असण्याची शक्यता कमी आहे. तो शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असेल, स्नेहसंमेलनात गटनृत्याला क्रमांक देणारी बाई असेल, ढोल-ताशा किंवा लेझमीच्या पथकाचा प्रमुख असेल, परदेशात मुलीला सरावाला नेऊन बाहेर गाडीत बसणारे आईबाप असतील. या सगळ्यांना माझी विनंती, की हे नियम पाठ करू नका. एखाद्या संघाचं सादरीकरण आधी नुसतं बघा, हातात पेन न घेता. मग पुन्हा बघा आणि फक्त आवाज ऐका. तिसऱ्यांदा एकाच मुलीवर नजर ठेवा, शक्यतो मागच्या रांगेतल्या. त्यानंतर पुस्तकातलं चौथं प्रकरण उघडा. तिथे लिहिलेली बरीचशी कलमं तुम्ही आधीच पाहिली आहेत, फक्त त्यांना नाव नव्हतं, असं तुमच्या ध्यानात येईल.

परिशिष्टात एक नमुना गुणपत्रिका दिली आहे. ती लेखिकेने आपल्याकडच्या सांघिक प्रकारांसाठी बेतली आहे. झेरॉक्स काढून कोणीही वापरावी. तिच्यात सहा रकाने आहेत, प्रत्येकासमोर काय बघायचं ते एका वाक्यात लिहिलं आहे. तळाशी 'संघासाठी शेरा' म्हणून चार रिकाम्या ओळी आहेत. हस्तलिखिताच्या पहिल्या मसुद्यात त्या दोन होत्या, मी तिला चार करायला सांगितल्या. परीक्षकाला त्या भरायला प्रत्येक संघामागे दोन-तीन मिनिटं जास्त लागतील, स्पर्धा अर्धा तास लांबेल, आयोजक घड्याळ दाखवतील. तरीही त्या ओळी कोऱ्या सोडू नका. निकालानंतर ती गुणपत्रिका संघाच्या हातात द्या.